मुष्टियुद्धातील न्याय

कुस्तीच्या फडात एका मल्लाने दुसऱ्याची पाठ मातीला लावली की निकाल लागतो. तो हजारो प्रेक्षकांना एकाच क्षणी दिसतो. त्यासाठी कोणाचे मत विचारावे लागत नाही. धावण्याच्या शर्यतीत जो अंतिम रेषा आधी ओलांडतो तो पहिला ठरतो, आणि उंच उडीत आडवी काठी पडली की नाही, एवढेच पाहायचे असते. मुष्टियुद्धाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे दोन योद्धे नऊ मिनिटे एकमेकांवर ठोशांचा वर्षाव करतात, शेवटची घंटा होते, दोघेही आपापल्या पायांवर ताठ उभे असतात. आणि तरीही पंच त्यांतील एकाचा हात उंच करून त्याला विजयी म्हणून घोषित करतो. हा विजय कशाने ठरला? कोणी मोजले, काय मोजले, आणि ते मोजमाप बिनचूक कशावरून मानायचे? मुष्टियुद्ध समजून घ्यायचे असेल, तर ह्या प्रश्नांपासूनच आरंभ केला पाहिजे.

प्राचीन काळी हे प्रश्न उद्भवतच नसत. ग्रीस देशातील ऑलिंपिक सामन्यांत मुष्टियुद्धाचा समावेश इसवी सनापूर्वी ६८८ मध्ये झाला. त्या वेळी फेऱ्या नव्हत्या, विश्रांती नव्हती आणि गुणही नव्हते. एकाची शुद्ध हरपेपर्यंत किंवा त्याने बोट वर करून शरणागती पत्करेपर्यंत लढत चालत असे. निर्णय स्पष्ट होता यात शंका नाही. परंतु तो एका माणसाच्या शरीराच्या नाशातून लिहिला जात असे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ह्या खेळाने पुन्हा मूळ धरले, तेव्हाही स्थिती फारशी बदललेली नव्हती. जॅक ब्रॉटन नावाच्या नामवंत मुष्टियोद्ध्याने १७४३ साली पहिली लेखी नियमावली केली. खाली पडलेल्या माणसाला मारू नये, कमरेखाली धरू नये, गुडघ्यावर आलेला माणूस पडलेलाच समजावा, अशी काही बंधने त्याने घातली. एक योद्धा पडला की फेरी संपे. अर्ध्या मिनिटाच्या आत त्याला पुन्हा मंचाच्या मध्यभागी आखलेल्या चौकोनाशी येऊन उभे राहावे लागे. न आल्यास तो हरला. फेऱ्या किती व्हाव्यात याला मर्यादा नव्हती. अमेरिकेत १८८९ साली जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन यांची उघड्या मुठींनी झालेली लढत जुलैच्या भर उन्हात दोन तासांहून अधिक काळ चालली. पंचाहत्तर फेऱ्या झाल्यावर किलरेनच्या साहाय्यकांनी हार मान्य केली, तेव्हा कोठे ती थांबली.

तोवर नव्या विचाराचे बीज पेरले गेले होते. जॉन ग्रॅहॅम चेंबर्स ह्या क्रीडाप्रेमी गृहस्थाने तयार केलेले नियम १८६७ साली क्वीन्सबरीच्या मार्क्विसच्या नावाने प्रसिद्ध झाले. हातात मोजे घालावेत, तीन मिनिटांची फेरी असावी, दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती मिळावी, आणि पडलेल्या योद्ध्याने दहा सेकंदांत कोणाच्याही मदतीवाचून उठावे, अशी त्यांतील प्रमुख कलमे होती. आजच्या मुष्टियुद्धाचा पाया हाच होय. पुढे फेऱ्यांची संख्याही आधीच ठरवून देण्याची पद्धत रूढ झाली. आता एक नवीनच अडचण समोर आली. ठरलेल्या फेऱ्या संपल्या आणि दोघेही उभेच राहिले, तर विजयी कोणाला म्हणायचे? ह्या अडचणीतूनच गुण देण्याची पद्धत जन्मास आली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. गुण मोजणे ही मुष्टियुद्धात केवळ सोयीची बाब नाही. माणसाला लोळवल्यावाचूनही त्याच्यावर विजय मिळवता यावा, हा तिचा खरा अर्थ आहे. जेथे गुणांवर न्याय मिळण्याची खात्री असते, तेथे योद्ध्याला प्रतिस्पर्ध्याचा पुरता चुराडा करण्याची गरज उरत नाही. आपले कौशल्य श्रेष्ठ आहे एवढे दाखवणे त्याला पुरेसे होते. उलट ही खात्री नाहीशी झाली, की त्याचा विश्वास केवळ प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध पाडण्यावर राहतो. म्हणूनच ह्या खेळात परीक्षकाच्या हातातील लेखणीला फार मोठे मोल आहे.

आता आजच्या रिंगणाकडे वळावे. त्याला रिंगण म्हणत असले, तरी ते गोल नसून चौकोनी असते. ऑलिंपिकमध्ये दोरांच्या आतील त्याची प्रत्येक बाजू ६.१ मीटर लांब असते. एका कोपऱ्याला तांबडा रंग व त्याच्या समोरच्या कोपऱ्याला निळा रंग दिलेला असतो. दोन्ही योद्ध्यांची ओळख ह्याच रंगांनी होते. उरलेले दोन कोपरे तटस्थ मानले जातात. रिंगणात योद्ध्यांखेरीज एकच माणूस असतो, तो म्हणजे पंच. रिंगणाबाहेर निरनिराळ्या बाजूंना परीक्षक बसतात. ऑलिंपिकमध्ये त्यांची संख्या पाच, तर व्यावसायिक सामन्यांत तीन असते.

पंच आणि परीक्षक यांची कामे पूर्णतः वेगळी आहेत. पंच लढत चालवतो. तो मिठी मारून बसलेल्या योद्ध्यांना सोडवतो, नियम मोडणाऱ्याला प्रथम समज आणि मग ताकीद देतो. ऑलिंपिकच्या पद्धतीत प्रत्येक ताकिदीमागे त्या योद्ध्याचा एक गुण कमी होतो आणि तिसऱ्या ताकिदीला तो सामन्यातून बाद होतो. एखादा योद्धा ठोसा लागून पडला, तर पंच मोठ्याने आकडे मोजू लागतो. पडलेला योद्धा लगेच उठला तरी आठपर्यंत मोजल्याशिवाय लढत पुन्हा सुरू होत नाही. कारण तो उभा राहिला तरी त्याचे भान परत आले आहे की नाही, हे पाहण्यास तेवढा अवधी हवा असतो. दहा म्हणेपर्यंत तो सावरला नाही, तर लढत तेथेच संपते. ह्यालाच नॉकआऊट म्हणतात.

हे दहा आकडे किती महत्त्वाचे ठरू शकतात, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. शिकागो शहरात २२ सप्टेंबर १९२७ रोजी जगज्जेता जीन टनी आणि माजी जगज्जेता जॅक डेम्प्सी यांची लढत झाली. सातव्या फेरीत डेम्प्सीच्या ठोशांनी टनी खाली कोसळला. प्रतिस्पर्धी पडल्यावर दुसऱ्याने दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जाऊन उभे राहावे, असा त्या लढतीचा नियम होता. डेम्प्सी मात्र जुन्या सवयीने पडलेल्या टनीजवळच थांबला. तो कोपऱ्यात जाईपर्यंत पंचाने मोजणी सुरू केली नाही. परिणामी टनीला सुमारे चौदा सेकंद मिळाले. पंचाच्या तोंडून नऊ हा आकडा उच्चारला गेला तेव्हा तो उठला, सावरला आणि दहा फेऱ्यांच्या अखेरीस गुणांवर विजयी झाला. टनी आधीच उठू शकला असता की नाही, याविषयी पुढे अनेक वर्षे वाद चालला. परंतु पंचाने केले ते नियमास धरूनच होते. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभे राहून त्याला उठताक्षणीच पुन्हा मारू नये, यासाठीच तो नियम होता.

पंचाचा सर्वांत मोठा अधिकार म्हणजे लढत थांबवण्याचा. एखादा योद्धा स्वतःचा बचाव करू शकत नाही असे दिसताच, तो उभा असला तरी, पंचाने लढत थांबवावी अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा किती गंभीर आहे हे १९८२ साली जगाला कळले. रे मॅन्सिनी ह्याच्याशी झालेल्या पंधरा फेऱ्यांच्या लढतीत कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला, आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्यात आल्या.

लढत अखेरपर्यंत चालली म्हणजे निर्णयाचा भार परीक्षकांवर येतो. परीक्षकाने काय पाहायचे असते? प्रथमदर्शनी वाटते की, ज्याने जास्त ठोसे मारले तो श्रेष्ठ. परंतु प्रत्येक ठोसा मोजण्याजोगा नसतो. मोज्याच्या ज्या भागाखाली बोटांची पुढची पेरे येतात, त्या भागाचा आघात व्हावा लागतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याच्या पुढील वा बाजूच्या भागावर, किंवा कमरपट्ट्याच्या वर शरीराच्या पुढील वा बाजूच्या भागावर बसावा लागतो. आणि त्यामागे खांद्याचा अथवा शरीराचा जोर असावा लागतो. प्रतिस्पर्ध्याने दंडावर वा मोज्यावर झेललेला ठोसा, उघड्या पंजाची चापट किंवा नुसता स्पर्श यांना काही किंमत नाही. प्रेक्षक पुष्कळदा अशाच ठोशांवर आरोळ्या ठोकतात. कारण दुरून हाताची फेक दिसते, ती कोठे विसावली हे दिसत नाही. परीक्षकाने त्या आरोळ्या कानांबाहेर ठेवायच्या असतात.

ठोशांच्या संख्येबरोबर आणखी दोन गोष्टी पाहिल्या जातात. तंत्र आणि डावपेच यांच्या बळावर लढतीवर वर्चस्व कोणी गाजवले, ही एक. आणि झुंजार वृत्ती कोणी दाखवली, ही दुसरी. व्यावसायिक मुष्टियुद्धात बचावाचे कौशल्य आणि रिंगणावरील ताबा यांनाही मान आहे. प्रतिस्पर्ध्याचे ठोसे चुकवत त्याला हव्या त्या जागी नेणारा योद्धा, डोळे मिटून पुढे धावणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ समजला जातो.

गुण प्रत्येक फेरीचे स्वतंत्रपणे दिले जातात. फेरी जिंकणाऱ्यास दहा गुण द्यायचे आणि हरणाऱ्यास नऊ किंवा त्याहून कमी, अशी ही पद्धत आहे. साधारणपणे फेरीचे गुण १०-९ असतात. एकाने दुसऱ्याला पुरते निष्प्रभ केले तर १०-८ दिले जातात. व्यावसायिक सामन्यात एखाद्याला ठोशाने खाली पाडले, तर ती फेरी बहुधा १०-८ अशीच लिहिली जाते. परीक्षकांनी आपसात बोलायचे नसते. प्रत्येकाने फेरी संपताच आपले मत नोंदवायचे असते. निरनिराळ्या बाजूंना बसल्यामुळे प्रत्येकाला दिसणारे दृश्य थोडे वेगळे असते. एकाच्या दृष्टीआड गेलेला ठोसा दुसऱ्याला स्वच्छ दिसतो. म्हणूनच एकावर भिस्त न ठेवता अनेक परीक्षक नेमण्याची व्यवस्था आहे.

ह्या हिशेबात एक गंमत आहे, आणि ती न समजल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ उडतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, मणिपूरच्या मेरी कोम यांची लढत कोलंबियाच्या इन्ग्रिट व्हॅलेन्सिया हिच्याशी झाली. मेरी कोम ह्या सहा वेळा जगज्जेत्या ठरलेल्या होत्या आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले होते. टोकियोतील पहिली फेरी पाचपैकी चार परीक्षकांनी व्हॅलेन्सियाला दिली. दुसरी फेरी तीन परीक्षकांनी मेरी कोम यांना दिली आणि तिसरी फेरीही तिघांनी त्यांनाच दिली. तीनपैकी दोन फेऱ्यांत बहुमत मेरी कोम यांच्या बाजूने होते. तरीही सामन्याचा निकाल ३-२ असा व्हॅलेन्सियाच्या बाजूने लागला. आपणच जिंकलो, असे मेरी कोम यांना काही वेळ वाटत होते. पुष्कळ भारतीय प्रेक्षकांनाही हा अन्याय वाटला.

वस्तुतः नियमाप्रमाणे असा निकाल लागू शकतो. येथे फेऱ्या मोजायच्या नसतात, परीक्षक मोजायचे असतात. प्रत्येक परीक्षकाच्या तिन्ही फेऱ्यांची बेरीज वेगळी केली जाते आणि ज्या योद्ध्याच्या बाजूने अधिक परीक्षकांची बेरीज जाते, तो जिंकतो. उदाहरणादाखल तांबडा आणि निळा असे दोन योद्धे घ्यावेत. समजा, पहिली फेरी फक्त पहिल्या परीक्षकाने तांबड्याला दिली. दुसरी फेरी पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या परीक्षकाने तांबड्याला दिली. तिसरी फेरी दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या परीक्षकाने तांबड्याला दिली. सर्व फेऱ्या १०-९ अशा धरल्या, तर पहिल्या आणि दुसऱ्या परीक्षकाच्या कागदावर तांबडा २९-२८ ने पुढे आहे. परंतु तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या परीक्षकाने त्याला एकेकच फेरी दिली असल्यामुळे त्या तिघांच्या कागदांवर निळा २९-२८ ने पुढे आहे. अर्थात तांबड्याने दोन फेऱ्यांत बहुमत मिळवले, आणि सामना निळ्याने जिंकला. कागदावर आकडे मांडून पाहिले, म्हणजे ह्यात काहीही लपलेले नाही हे सहज पटते.

व्यावसायिक सामन्यांत परीक्षक तीनच असल्यामुळे निर्णयांना निरनिराळी नावे पडली आहेत. तिघांनीही एकाच योद्ध्याला पसंती दिली, तर तो एकमताचा निर्णय होय. दोघे एका बाजूला आणि तिसरा विरुद्ध बाजूला असेल, तर त्यास विभागलेला निर्णय म्हणतात. दोघांनी एकाला विजयी ठरवले आणि तिसऱ्याने समान गुण दिले, तर तो बहुमताचा निर्णय ठरतो. कोणाकडेही बहुमत नसेल, तर लढत बरोबरीत सुटते.

एवढी काळजी घेतली तरी माणसाचे डोळे चुकू शकतात, आणि कधी कधी मनही डळमळते. सोल येथील १९८८ च्या ऑलिंपिकमधील एक अंतिम लढत ह्याबाबत कुप्रसिद्ध आहे. अमेरिकेचा रॉय जोन्स आणि यजमान दक्षिण कोरियाचा पार्क सी-हुन यांच्यात ती झाली. दूरदर्शनसाठी ठोसे मोजणाऱ्यांच्या नोंदीप्रमाणे जोन्सचे ८६ ठोसे लागले होते आणि पार्कचे ३२. तरीही पाचपैकी तीन परीक्षकांनी पार्कला विजयी ठरवले. त्याच स्पर्धेतील सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याचा व्हॅल बार्कर चषक मात्र जोन्सला देण्यात आला. ऑलिंपिक समितीने पुढे केलेल्या चौकशीत लाचेचा पुरावा आढळला नाही आणि निकाल कायम राहिला. परंतु ते सुवर्णपदक पार्कलाही सुखाचे झाले नाही. अखेर २०२३ साली त्याने अमेरिकेत जोन्सच्या घरी जाऊन ते पदक स्वतःच्या हाताने त्याला दिले. चुकीचा निर्णय हरणाऱ्याइतकाच जिंकणाऱ्यालाही कसा छळतो, हे यावरून दिसते.

सोलच्या प्रकारानंतर माणसाच्या मताऐवजी यंत्रावर भिस्त ठेवावी, असा विचार बळावला. बार्सिलोना येथे १९९२ साली संगणकाची पद्धत आली. प्रत्येक परीक्षकापुढे तांबड्या व निळ्या योद्ध्यासाठी वेगवेगळी बटणे ठेवण्यात आली. चांगला ठोसा दिसताच बटण दाबायचे, आणि पाचांपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबले तरच गुण नोंदवायचा, असा नियम झाला. योजना निर्दोष वाटली. पण अनुभव वेगळा आला. झपाट्याने मारलेल्या चार ठोशांच्या मालिकेला बोटांचा वेग पुरत नसे, आणि पोटावरील जोरदार ठोसे पुष्कळदा नोंदलेच जात नसत. योद्धेही हळूहळू खरे लढण्यापेक्षा, सहज दिसेल असा एकेक ठोसा मारून मागे सरकण्याची कला शिकले.

शिवाय यंत्र केवळ मोजते. नियमभंगाचा न्याय करण्यास माणूसच लागतो. लंडन येथे २०१२ साली भारताचे विकास कृष्णन यांना अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सविरुद्ध १३-११ असे विजयी घोषित करण्यात आले. अमेरिकेच्या पथकाने हरकत घेतल्यावर लढतीचे चित्रण पुन्हा पाहण्यात आले. विकास यांनी तिसऱ्या फेरीत नऊ वेळा प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले व दुसऱ्या फेरीत दातांवरील संरक्षक कवच मुद्दाम बाहेर टाकले, आणि पंचाने त्याबद्दल ताकिदी द्यावयास हव्या होत्या, असा निष्कर्ष निघाला. त्या ताकिदींपोटी स्पेन्सला चार गुण मिळाले आणि निकाल १५-१३ असा उलटला. बटणे दाबणाऱ्यांची चूक नव्हती; पंचाने वेळेवर न दिलेली ताकीद हे ह्या साऱ्याचे मूळ होते.

ही पद्धत २०१३ पासून सोडून देण्यात आली आणि ऑलिंपिकच्या मुष्टियुद्धानेही दहा गुणांची पद्धत स्वीकारली. तथापि पद्धत बदलल्याने माणसे बदलत नाहीत. रिओ येथील २०१६ च्या स्पर्धेतील काही निकालांवर मोठा गदारोळ झाला. पुढे २०२१ साली एका स्वतंत्र चौकशीने असा निष्कर्ष काढला की, तेथे निकाल फिरवण्यासाठी पंच व परीक्षकांच्या नेमणुकांतच ढवळाढवळ केली गेली होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये ह्या खेळाच्या जागतिक संघटनेला निलंबित केले आणि २०२३ मध्ये तिची मान्यताच काढून घेतली. टोकियो आणि पॅरिस येथील लढती समितीला स्वतःच्या देखरेखीखाली भरवाव्या लागल्या. मुष्टियुद्ध ऑलिंपिकमधून कायमचे जाते की काय, अशी भीती निर्माण झाली होती. अखेर २०२५ साली एका नव्या जागतिक संघटनेला तात्पुरती मान्यता मिळाली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत ह्या खेळाचे स्थान निश्चित झाले.

एवंच, मुष्टियुद्धाच्या नियमांचा इतिहास हा न्यायाच्या शोधाचा इतिहास आहे. पूर्वी शरीर कोसळले की निर्णय होई. आता निर्णय व्हावा आणि शरीर कोसळू नये, अशी धडपड आहे. मोजे, फेऱ्या, दहा आकडे, पाच परीक्षक, संगणक हे सारे त्याच धडपडीचे टप्पे होत. त्यांतील एकही साधन स्वतः न्याय करीत नाही; ते न्यायी माणसाला केवळ साहाय्य करते. वर्षानुवर्षे घाम गाळून रिंगणात उतरलेला योद्धा नऊ मिनिटांत आपल्याजवळचे सर्व काही पणाला लावतो, आणि मग हात खाली सोडून पंचाच्या शेजारी मुकाट्याने उभा राहतो. त्या क्षणी त्याचे बळ संपलेले असते. पुढचे सारे, रिंगणाबाहेर बसलेल्या परीक्षकांनी डोळे उघडे ठेवले होते की नाही, यावर अवलंबून असते.